उतारावरची माती मोजायला निघालेल्या अभ्यासकास

ठाणे

अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी मुरबाडच्या वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनींची धूप हा विषय घेतलास, मनापासून आनंद झाला. उपग्रहाची चित्रं आणि वर्षाला किती माती वाहून जाईल याचा अंदाज देणारं सूत्र घेऊन संगणकावरच धुपीचा नकाशा करायचा, असा तुझा बेत दिसतो. नकाशा जरूर कर. पण त्याआधी एक पावसाळा उतारावर माती मोजण्यात घालव, असा माझा आग्रह आहे.

तुझं ते सूत्र विशमायर आणि स्मिथ यांनी 1965 साली अमेरिकेत पुस्तिकेच्या रूपानं मांडलं. त्यामागे वर्षानुवर्षं, जमिनीच्या तुकड्या-तुकड्यावर केलेली मोजणी आहे. त्यातला प्रमाण तुकडा 22.1 मीटर लांब, 9 टक्के उताराचा. आपल्याकडे नागली-वरईचे उतार कितीतरी ठिकाणी याच्या दुपटीहून उभे आहेत आणि वर्षाचा सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. तिथले गुणांक इथे तसेच्या तसे लावलेस, तर नकाशा देखणा होईल, पण त्यावर विसंबून शेतकऱ्याला बांध कुठे घाल म्हणून सांगता येणार नाही.

या शास्त्राची सुरुवातच मोजण्यातून झाली. जर्मनीत वोल्नी यांनी 1880 च्या दशकात छोट्या तुकड्यांवर उतार आणि झाडोऱ्याचा परिणाम पाहिला. 1917 मध्ये मिसुरीत मिलर यांनी एकाच उतारावर शेजारी-शेजारी तुकडे पाडले, प्रत्येकाखाली टाकी बसवली आणि वाहून आलेली माती तोलली. 14 वर्षांची सरासरी अशी निघाली: सतत मका घेतलेल्या तुकड्यातून वर्षाला एकरी 20 टनांच्या आसपास माती गेली, गवताखालून अर्ध्या टनाहून कमी. मृदसंधारणाचे पुरस्कर्ते बेनेट यांच्या पाठपुराव्याने 1935 मध्ये अमेरिकेत मृदसंधारणाचा कायदा झाला, त्यामागेही असे आकडे होते. आपल्याकडे 1923 पासून पुण्याजवळ मांजरीला आणि 1933 पासून सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. 1942 चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा आणि त्यानंतरची बांधबंदिस्ती याच काळातली. पण हे सगळं दुष्काळी पट्ट्यासाठी होतं. कोकणातल्या उतारांकडे त्या मानाने फार कमी लक्ष गेलं, याची मला खंत आहे.

जुलैत एकदा येऊरला ये. गवत चरून उघड्या पडलेल्या जागी खाली बसून बघ. बारके खडे मातीच्या इवल्याशा खांबांवर उभे दिसतील. खड्याखालची माती वाचली, भोवतालची थेंबांच्या माऱ्याने उडून गेली. अमेरिकी संशोधक एलिसन यांनी 1940 च्या दशकात दाखवून दिलं ते हेच: धूप सुरू होते ती पाणी वाहू लागण्याच्या आधी, थेंब उघड्या मातीवर आपटतो तेव्हा. म्हणून मे महिना संपायच्या आत टाक्या बसव. जूनच्या पहिल्या सरी पडतात तेव्हा नागलीची पानं जमीन झाकायला आलेली नसतात.

टाकीचा हिशेब नीट कर. 22 बाय 4 मीटरच्या तुकड्यावर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडून निम्मा वाहिला, तर 4,400 लिटर पाणी येतं. एवढी टाकी कोण बांधणार? त्यासाठी पाण्याचा ठरावीक हिस्साच टाकीत सोडणारी खाचांची पेटी लागते. नमुना घेण्याआधी गाळ तळापासून ढवळ, कारण जड कण खाली बसतात. नुसतं वरचं गढूळ पाणी बाटलीत भरलंस, तर धूप आहे त्यापेक्षा कमीच दिसेल.

आणि गावात मजगीची, म्हणजे उतारावर पायऱ्या पाडून केलेली, जुनी भातखाचरं असतील, तर त्या घरच्या माणसांकडे बस. कोणता बांध दरवर्षी फुटतो, पाणी कुठून काढून देतात, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना विचारल्याशिवाय तुकड्याची जागा ठरवू नकोस.

जागा ठरली की उताराची टक्केवारी आणि तुकड्याची लांबी कळव. पेटीचं माप मी काढून पाठवतो.