रिकाम्या हाताला ताल द्या

न्यू जर्सीहून एका वाचकाने लिहिलंय: "आठ महिने झाले, थेंबही घेतलेला नाही. पण गाणंही गेलं. शुक्रवारी रात्री आवडती गझल लावतो, आत काही हलत नाही. उलट दहा मिनिटांत घशाला कोरड पडते. दारूबरोबर गाणंही सोडायचं का?" मित्रांच्या बेसमेंटमधल्या मैफली, बिनअल्कोहोलची बिअर आणि बायकोचा गाण्यावरचा राग, हेही विचारलंय. त्याकडे शेवटी वळते.

दादा, तिकडच्या थंडीत आणि चार वाजताच्या अंधारात आठ महिने काढलेत, त्याबद्दल मनापासून शाबास. आता थोडं रागावते. तुम्हीच लिहिलंय, "खुर्ची तीच, ग्लास तोच, फक्त आत सोडा आणि बर्फ." अहो, मग मेंदूने काय समजावं? इतकी वर्षं गझल, मंद दिवा, बर्फाची किणकिण आणि पहिला घोट हे सगळं एकत्र आलं. तीन गोष्टी मांडल्यात की चौथीची मागणी होणारच. त्यातून दारूच्या सवयीनंतर साधे आनंद काही महिने फिकेच लागतात. कान बिघडलेला नाही, बहुतेकांचं हळूहळू भरून येतं. गाणं सोडू नका, ऐकण्याची रीत बदला.

माझं सांगणं एकच, आणि ते मी सगळ्यांना सांगते: हाताने ताल धरा. ग्लास गेल्यावर हात रिकामा राहतो आणि तो रिकामा हातच आधी अस्वस्थ होतो. आमच्या धाकट्या भावजींना यानेच गाणं परत मिळालं. कारणही आहे. माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की आवडत्या संगीतात रोमांचाच्या क्षणी मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवतं, आणि त्या क्षणाची वाट पाहतानाही. आपल्या संगीतात वाट पाहायची जागा ठरलेली आहे, ती म्हणजे सम, तालाच्या प्रत्येक फेरीची पहिली मात्रा, म्हणजे पहिला ठोका.

मध्यलय, म्हणजे मध्यम गतीच्या, तीनतालातली आठ-दहा मिनिटांची बंदिश घ्या; हा ताल सोळा मात्रांचा. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या मुळाशी ठेवा. मुळाचं पेर, मधलं, वरचं आणि टोक अशा चार मात्रा. मग अनामिका, मधलं बोट, तर्जनी. झाल्या सोळा. करंगळीच्या मुळाशी सम, मधल्या बोटाच्या मुळाशी, म्हणजे नवव्या मात्रेला, 'खाली', जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात. चुकलात तर डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतलं घुमणारं वाद्य, ऐका: दहाव्या मात्रेपासून त्याचा घुमारा जातो आणि चौदाव्याला परत येतो. तो परतला की तीन मात्रांनी सम आहे.

चुका ठरलेल्या आहेत. लोक गायकाबरोबर मोजतात, तबल्याबरोबर मोजायचं. मुखडा, म्हणजे बंदिशीची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, पुष्कळदा नवव्या मात्रेपासून उठतो, नवखा माणूस त्यालाच सम समजतो आणि अर्ध्या आवर्तनाने, म्हणजे तालाच्या अर्ध्या फेरीने, चुकत राहतो. काही जण हौसेने थेट विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकताल लावतात. त्यात एकेक आवर्तन मिनिटभर चालू शकतं, मोजणी सुटते, कंटाळा येतो, आणि तो कंटाळा म्हणजे तलफच असं वाटू लागतं. माझ्या सासऱ्यांना साधा भजनी ठेका पुरायचा, आठ मात्रांचा. तुम्हालाही तो जमत असेल तर तिथूनच सुरू करा.

ऐका सकाळी, वीस मिनिटं, दुसऱ्या खोलीत, चहा घेऊन. तो जड बुडाचा ग्लास घरातूनच काढा. आवाज इतकाच ठेवा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यावं. गझलांची यादी निदान तीन महिने बाजूला ठेवा. मग दिवसा, घरात कोणी असताना, एकच गझल लावा आणि तिथेही दादरा असेल तर सहा, रूपक असेल तर सात मात्रा मोजा. तलफ आलीच तर गाणं बंद करा, खोली बदला, काहीतरी खा. बहुधा अर्ध्या तासात ओसरते. मात्र गाण्याबरोबर जेवण, मुलांचं बोलणं, झोप हे सगळंच दोन आठवडे बेचव असेल, तर मोजत बसू नका, डॉक्टरांना भेटा; ते नैराश्य असू शकतं.

हे वाचून कोणी रोज पिणारा उद्यापासून एकदम बंद करणार असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. एकाएकी सोडल्याने फिट येऊ शकते.

आता बाकीचं. मैफलीला जा, पण पोटभर जेवून आणि स्वतःच्या गाडीने. तबलजीशेजारी बसा, मध्यंतरात निघा. ती बिअर नको. अमेरिकेत 'नॉन-अल्कोहोलिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं, आणि चव तर तीच जुनी वाट दाखवते.

आणि वहिनी. त्यांनाही स्वतःचा आधार लागतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, तुमच्या तिकडे अल-अ‍ॅनॉन या पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या गटाच्या बैठका असतात, ऑनलाइनही. तोवर त्यांना एवढंच विचारा की कोणत्या गाण्यांनी त्यांना त्या रात्री आठवतात. त्या सांगतील ती गाणी त्यांच्यासमोर लावू नका, तुमची कितीही लाडकी असली तरी.