ऐतिहासिक कादंबरी वाचून इतिहास कळतो का, की थेट इतिहासाचीच पुस्तकं वाचावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिवकाळावरच्या दोन कादंबऱ्यांत सिंहगडाचा प्रसंग दोन तऱ्हांनी आला आहे, इतिहासाच्या पुस्तकात मात्र त्याच रात्रीवर जेमतेम पाच ओळी आहेत, तर खरं काय मानायचं?

पाच ओळी खऱ्या माना. त्या पाचच का आहेत हे कळलं, की कादंबरीचं काय करायचं ते आपोआप कळतं. त्यासाठी सिंहगडच घेऊ, कारण या एका रात्रीवरून मी जितका वाद घातला आहे तितका दुसऱ्या कशावरून घातलेला नाही.

आधी कागद. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या तारीखवार नोंदींत, या घटनेची नोंद एका ओळीची आहे: शके १५९१, माघ वद्य ९, सिंहगड घेतला, तानाजी मालुसरे पडले. संपलं. त्यानंतरचा महत्त्वाचा मजकूर सभासद बखरीत. कृष्णाजी अनंत सभासदानं ती १६९७ साली जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली, म्हणजे घटनेनंतर २७ वर्षांनी. तो सांगतो की तानाजीनं निवडक पाचशे माणसं घेतली, चढण्यात तरबेज असे दोन मावळे निवडून रात्री कड्यावर चढवले, ते वानरासारखे चढून गेले आणि मग बाकीच्यांना वर घेतलं. तानाजी आणि किल्लेदार उदेभान एकमेकांशी लढताना दोघेही पडले. मग तानाजीचा भाऊ सूर्याजी यानं माणसं सावरली आणि गड घेतला. गवताच्या पागांना आग लावली, तो उजेड राजगडावरून दिसला, आणि गड फत्ते झाल्याचं महाराजांनी ओळखलं.

आता यात काय नाही ते बघा. यशवंती घोरपड नाही. जिजाऊंचा सोंगट्यांचा डाव नाही. रायबाचं लग्न नाही, ऐंशी वर्षांचे शेलारमामा नाहीत, चंद्रावळी हत्ती आणि सिद्दी हिलाल नाहीत. हे सगळं तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून आलं. दोर कापून टाकल्याचा प्रसंगही सभासदात नाही. म्हणजे तुमच्या दोन कादंबऱ्यांत जी तफावत आहे ती बहुतेक इतिहासाची नाहीच. एकीनं पोवाडा जास्त घेतला असेल, दुसरीनं कमी.

‘गड आला पण सिंह गेला’ हे वाक्य तर ह. ना. आपट्यांच्या कादंबरीचं नावच आहे. सभासदाच्या बखरीत महाराज म्हणतात, “एक गड घेतला, परंतु एक गड गेला.” मला विचाराल तर हे वाक्य जास्त चांगलं आहे. माणसालाच गड म्हटलंय. पण लोकांना सिंह हवा असतो, कारण त्यातून ‘कोंढाण्याचा सिंहगड झाला’ ही सोयीची कथा निघते. ती कथा टिकत नाही. १६६३ च्या एप्रिलमधल्या महाराजांच्या पत्रात किल्ल्याचं नाव सिंहगड असंच आलं आहे, तानाजी पडण्याच्या सात वर्षं आधी. एवढा एक कागद पुढे ठेवला की समोरच्याचा आवाज चढतो. भावना दुखावल्याचं ऐकावं लागतं. तानाजीचा पराक्रम किल्ल्याच्या नावावर अवलंबून नाही, एवढं साधं गणित लोकांना पटत का नाही, ते मला अजून उमगलेलं नाही.

मग कादंबरी खोटी का? घोरपड आणली म्हणून मी कुठल्याही कादंबरीला खोटी म्हणणार नाही. कड्यावर माणूस कसा चढला याबद्दल सभासद अर्ध्या वाक्यात बोलतो; तिथे जागा मोकळी आहे, तिथे लेखकानं काहीही लावावं. रायबाच्या लग्नाचंही तेच. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. जिथे कागद बोलतो तिथे त्याच्या विरुद्ध लिहायचं आणि वर मनोगतात ‘अनेक वर्षं साधनांचा अभ्यास करून’ असं छापायचं, हे चालणार नाही. असलं मनोगत बघून पुस्तकावर विश्वास ठेवू नका. मागे दिलेल्या संदर्भयादीवर तर नकोच. यादीतलं कुठलं साधन कुठल्या प्रसंगाला वापरलं ते सांगितल्याशिवाय ती यादी म्हणजे लग्नातल्या आहेराची यादी.

पडताळा स्वतः घ्यायचा तर सुरुवात तिथीपासून करा. कादंबरीकार संवादांवर मेहनत घेतात, आकाशाकडे बघत नाहीत. माघ वद्य नवमीला चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर, साधारण एक-दीडला उगवतो, आणि तोही अर्ध्याहून थोडा कमी. तेव्हा त्या रात्रीच्या पहिल्या प्रहरात कड्यावर पिठूर चांदणं पडलेलं असेल, तर लेखकानं तिथी फक्त शोभेला लावली आहे. नियम सोपा आहे: पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशीर धरा.

तारखेत तर भलेभले घसरतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण चैत्र ते मार्गशीर्षपर्यंत. पौषात साल उलटतं, म्हणून माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे. शके १५९१ चा माघ म्हणून १६७०, १६६९ नव्हे. शिवजन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथीही याच हिशेबानं १६३० मध्ये येते. आता ४ फेब्रुवारी १६७० ही आपण लिहितो ती तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेनं तो दिवस १४ फेब्रुवारी. सतराव्या शतकात फरक १० दिवसांचा, १७०० च्या मार्चपासून ११ दिवसांचा. गोव्याचे पोर्तुगीज ग्रेगोरियन वापरत, सुरत-मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियन. शिवाय इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला लागे. त्यामुळे तीच रात्र गोव्याच्या कागदात आली तर १४ फेब्रुवारी १६७० अशी येईल, आणि सुरतेच्या कागदात ४ फेब्रुवारी १६६९ अशी. हे माहीत नसलं की एका घटनेच्या दोन घटना होतात. कादंबरीत एकच स्वारी दोनदा आली की मला पहिला संशय याचाच येतो.

पेशवाईच्या पत्रांत शुहूर सन, म्हणजे तेव्हाची एक वेगळी वर्षगणना, अरबी अंकशब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जूननंतरच्या महिन्यांना ५९९ आणि जानेवारी ते मेअखेर ६०० मिळवायचे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, तेव्हा ११६१ अधिक ६००. दहा मिनिटांत शिकता येतं.

तारखेनंतर अंतर बघा. पानिपतावर निघालेल्या सदाशिवराव भाऊंची फौज मार्च १७६० च्या मध्यात परतुडाहून निघाली आणि दिल्ली पुरती हाती यायला ऑगस्ट उजाडला. मुक्काम, पावसाळा, फुगलेल्या नद्या, बुणगे (फौजेबरोबरची न लढणारी माणसं), तोफखाना, सगळं धरून साडेचार महिने. कादंबरीत फौजा एका प्रकरणातून दुसऱ्या प्रकरणात पोचतात. बैल कुठे चरले याचा पत्ता नसतो. पण पानिपतचा पराभव याच साडेचार महिन्यांत आणि पुढच्या उपासमारीत शिजला. तो संवादांत शोधाल तर सापडणार नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, तो याच काळातल्या पत्रांचा. त्यात पैसा, रसद आणि सावकार यांची रड इतकी आहे की लढाई दुय्यम वाटावी.

आता दुसऱ्या बाजूचाही समाचार. ‘बखरीत आहे’ असं सांगून कादंबरीवर तुटून पडणारे मला कादंबरीकारांपेक्षा जास्त त्रास देतात. कुठल्या बखरीत? मल्हार रामराव चिटणीसाची बखर संभाजी महाराजांनंतर शंभरहून जास्त वर्षांनी लिहिलेली, आणि लेखक त्या बाळाजी आवजी चिटणीसांच्या घराण्यातला, ज्यांना संभाजी महाराजांनी १६८१ साली देहदंड दिला होता. तिच्यात महाराज वाईट दिसले नसते तरच नवल. त्या रंगाचा संभाजी पुढे कितीतरी नाटकांतून वावरला. वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले या संशोधकांनी कागद लावून तो पुसला, तोवर दीडशे वर्षं गेली होती. म्हणजे इथे ‘इतिहास’ म्हणवणारं साधन कल्पित होतं आणि नाटककार बिचारे त्याच्यावर विश्वास ठेवून बसले. जुनं ते खरं, हा निकष धरलात तर फसाल. लिहिणारा घटनेपासून किती दूर, आणि त्याचं त्यात काय अडकलेलं, हे दोनच प्रश्न विचारा. सभासदालाही विचारा, त्याच्याकडे प्रसंगांचा क्रम बऱ्याच ठिकाणी मागेपुढे झाला आहे.

उलटंही घडतं. नेसरीला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, हे इतकं काव्यमय आहे की कुणीही ते रचलेलं समजेल. पण त्याच वर्षी, १६७४ मध्ये, इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी यानं रायगडाकडून धाडलेल्या पत्रात प्रतापराव सहा घोडेस्वारांसह मारले गेल्याची बातमी आहे. सातचा आकडा कागदातला निघाला! त्या सहांची नावं मात्र समकालीन कागदात नाहीत; ती पुस्तकात आली की समजावं, लेखकानं कागद सोडला. म्हणून ‘फार नाट्यमय आहे, म्हणजे खोटंच’ हा शहाणपणाही उपयोगाचा नाही.

भाषेवरून मात्र परीक्षा घेऊ नका. कादंबरीतले सरदार शुद्ध संस्कृतप्रचुर बोलतात आणि खऱ्या पत्रांतली मराठी फारसी शब्दांनी भरलेली असते, हे खरं आहे. पण जशीच्या तशी भाषा लिहिली तर आजचा वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटेल. ती सूट मी देतो.

तर, काय वाचावं? आधी कादंबरी वाचलीत तरी बिघडत नाही. आवडलेला एकच प्रसंग निवडा, त्यातली तारीख, ठिकाण, माणसांची नावं आणि आकडे पेन्सिलीनं अधोरेखित करा, आणि तेवढेच शकावलीत व छापील पत्रांत शोधा. संवाद आणि मनातले विचार शोधायच्या भानगडीत पडू नका. ते सापडत नाहीत, सापडायचे नसतात. सगळी कादंबरी तपासायला घेतलीत तर महिनाभरात कंटाळाल. मोडी येत नसली तरी छापील पत्रांवर भागतं. फक्त एक धोका सांगून ठेवतो, खरं तर हा आधी सांगायला हवा होता: वतनाच्या भांडणांत लोकांनी खोटी पत्रं भरपूर तयार केली आहेत. एखाद्या घराण्याला इनाम किंवा मोठा मान देणारं एकच पत्र असेल, ते त्याच घराण्याच्या दप्तरात निघालं असेल, आणि त्याला दुसरीकडून दुजोरा नसेल, तर शिक्का, मायना आणि तिथी-वार यांचा मेळ तज्ज्ञांनी घालून दाखवेपर्यंत थांबा. छापलेल्या वाचनांतही चुका आहेत. आणि स्त्रियांबद्दल कागद फार कमी बोलतात; तिथे कादंबरीशिवाय वाचकाच्या हाती विशेष काही येत नाही, हे मी नाइलाजानं का होईना, मान्य करतो.

पण ‘कागद रुक्ष असतात, म्हणून कादंबरी लागते’ हे मान्य करणार नाही. हा माझा सर्वांत जुना वाद. चिपळूण भागातल्या छावणीतल्या जुमलेदारांना (लष्करी अधिकाऱ्यांना) शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र काढून वाचा. पावसाळ्यासाठी जमवलेलं गवत सांभाळा, असा विषय. गवताजवळ कुणी चूल पेटवील, कुणी चिलीम ओढील. रात्री दिवा तसाच ठेवून झोपाल तर उंदीर जळती वात उचलून नेईल, गवताला आग लागेल, मग घोडी मरतील, तुम्ही कुणब्यांचं दाणं-गवत ओरबाडाल, आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. राज्य चालवणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतोय. हा उंदीर मला अजून एकाही कादंबरीत भेटलेला नाही.