कंपासपेटीतली नोटीस

"मॅडम, घर बँकेच्या ताब्यात जाणार. पोरांना सांगायचं की नाही? शाळा बदलावी लागेल का? थोरल्याचं वर्ष वाया गेलं तर?"

मी मुलांचं समुपदेशन करते, आणि दर महिन्याला कुणी ना कुणी पालक हे विचारतात. एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव बदललंय. मुलाला ओंकार म्हणू.

राहायला डोंबिवली पूर्वेला. वडिलांचं लेथ मशीनवरचं जॉब वर्क. धंद्यासाठी राहतं घर तारण ठेवून कर्ज काढलेलं, मग ऑर्डरी आटल्या आणि हप्ते थकले. ओंकार नववीत, बहीण तिसरीत. आई त्याला घेऊन आली ती मात्र वेगळीच तक्रार घेऊन. वह्या अपूर्ण, गणितात नापास, आणि आठवड्यातून दोनदा तरी मधल्या सुट्टीनंतर वर्गातून गायब. शाळेनं "दांड्या मारतो" म्हणून चिठ्ठी पाठवली होती. आईचं निदान तयार होतं: मोबाइल. घराबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

मीही मोबाइलच धरून बसले. दोन भेटी त्यातच गेल्या, अगदी वेळापत्रकसुद्धा बनवलं. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तिसऱ्या भेटीत त्याला चित्र काढायला सांगितलं. पेन्सिल काढायला त्यानं कंपासपेटी उघडली, तर तळाशी कर्कटकाखाली वर्तमानपत्राची एक घडी. उलगडली तर बँकेची ताबा नोटीस. वडिलांचं नाव, थकीत रक्कम, फ्लॅटचा नंबर आणि खाली चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारही दिशांना काय आहे ते. पश्चिमेच्या नावापुढच्या फ्लॅट नंबराखाली त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली होती. तो त्याच्या वर्गमित्राचा फ्लॅट. नोटीस आधी त्याच मित्राच्या वडिलांनी वाचली, मग ती सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली. आईवडील समजत होते, पोरांना काही कळलेलं नाही. पोरगा चार महिने ते कात्रण घेऊन शाळेत जात होता.

"यात लिहिलंय ताबा घेतला. आम्ही तर अजून तिथंच राहतोय. मग आम्ही राहतोय कुणाच्या घरात?"

आणि मधली सुट्टी? दाराला कुलूप लागलं का, ते बघायला तो धावत घरी जायचा. कुलूप नसलं की जीव भांड्यात पडायचा, पण तेवढ्यात शाळेचं फाटक बंद झालेलं असायचं.

असं घर एका दिवसात जात नाही, हे आधी आईवडिलांनी नीट समजून घ्यायला हवं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं. मग तारण ठेवलेली मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. तेवढ्यात पैसे भरले गेले नाहीत तर आधी बहुधा कागदावरचा, सांकेतिक ताबा घेतात. त्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असतं. प्रत्यक्ष कुलूप लावायला बँक बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा कोर्टाचा आदेश घेऊन पोलिसांसह येते, तोवर आणखी काही महिने जातात. बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण त्यासाठी वकील गाठा, तो माझा प्रांत नाही. माझा मुद्दा एवढाच की मोठ्यांच्या हातात बरेच महिने असतात, आणि ते सगळे लपवालपवीत जातात.

पुढच्या भेटीला मी वडिलांनाही बोलावलं. ते बराच वेळ बुटांकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "हे बघ, घर जाणार आहे. दिवाळीनंतर कधीही. पण तू शाळेत असताना कुलूप लागणार असेल, तर मी स्वतः येऊन तुला सांगेन." "पुन्हा हेच घर घेऊ" असलं काही बोलू नका, हे मी त्यांना आधीच बजावलं होतं. ओंकारनं एकच विचारलं, "नक्की याल?" त्या आठवड्यापासून मधल्या सुट्टीतलं पळणं थांबलं. गणित मात्र लगेच सुधारलं नाही. चार महिन्यांचा खड्डा महिन्याभरात कसा भरणार?

मग कामाच्या गोष्टी. दोन्ही मुलांची वह्या-पुस्तकं, जन्मदाखले, गुणपत्रिका, आधार असं सगळं एका पिशवीत भरून मावशीकडे ठेवायला लावलं. हे मी अनुभवानं शिकले. दुसऱ्या एका घरातल्या दहावीच्या मुलीची प्रयोगवही सील लागलेल्या घरात अडकली होती आणि ती मिळवायला वडिलांना बँकेत अर्जावर अर्ज द्यावे लागले. शाळेतही सांगायला हवं होतं. आई तयार नव्हती, "चर्चा होईल" म्हणाली. चर्चा तर केव्हाच होऊन गेली होती. तरी फक्त वर्गशिक्षिकेला सांगायचं ठरलं. बाईंनी दांड्यांचा शेरा मागे घेतला आणि अपूर्ण वह्यांना मुदत दिली. एवढं पुष्कळ होतं.

डिसेंबरात कुलूप लागलं. बिऱ्हाड बदलापूरला भाड्याच्या खोलीत गेलं. शाळा बदलायची का, याचं दोन्ही मुलांसाठी उत्तर वेगळं निघालं. धाकटीला घराजवळच्या नगरपरिषदेच्या शाळेत घातलं. पहिली ते आठवीच्या मुलांना शिक्षण हक्क कायद्याचा आधार आहे. जुन्या शाळेनं दाखला द्यायला उशीर केला, तरी त्या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. ती आठ दिवसांत नव्या मैत्रिणींची नावं सांगू लागली. नववीला हा आधार नाही, आणि दहावीच्या तोंडावर शाळा, शिक्षक, मित्र सगळंच एकदम तोडणं मला पटेना. ओंकारला आम्ही डोंबिवलीच्याच शाळेत ठेवलं. सकाळची बदलापूर लोकलची गर्दी माहीत असूनही. यावर दुमत असू शकतं. झोप कमी होते, हे खरंच.

पासाचं एक बरं होतं. बारावीपर्यंतच्या मुलांना शाळेच्या प्रमाणपत्रावर घर ते शाळा सेकंड क्लासचा मासिक पास रेल्वे फुकट देते. तो फॉर्म ओंकार माझ्याकडे घेऊन आला. सगळे रकाने भरलेले, फक्त घराजवळच्या स्टेशनचा रिकामा.

"इथं डोंबिवली लिहिलं तर?"

"मग डोंबिवली ते डोंबिवली पास मिळेल," मी म्हटलं.

तो हसला. पेनाचं टोपण बराच वेळ चावलं. मग बारीक अक्षरात 'बदलापूर' लिहिलं आणि म्हणाला, "सात तेराची फास्ट पकडली तर प्रार्थनेला पोचतो का, उद्या बघतो."