वडिलांसाठी २० हजारांचा स्मार्टफोन घ्यावा, की त्यांचा जुना बटनांचा फोनच राहू द्यावा?

फोन वडिलांना हवाय, की तुम्हाला त्यांना द्यायचाय? तुमच्या प्रश्नात हे कुठेच आलेलं नाही. वडील ६८ वर्षांचे, गावी असतात, जन्म शेतात गेला, आणि त्यांच्या 'जुन्या डबड्या'ऐवजी मोठ्या स्क्रीनचा, चांगल्या कॅमेऱ्याचा, फिंगरप्रिंटवाला फोन द्यायचाय, एवढंच तुम्ही लिहिलंय. 'डबडं' हाच शब्द माझ्या भावाने वापरला होता. म्हणून लिहायला बसले.

मी बार्शीत ई-सेवा केंद्र चालवते. दिवसभर माझ्यासमोर म्हातारी माणसं आणि त्यांचे फोनच असतात. पण आधी घरचं सांगते.

आमचे आण्णा गवंडी. चाळीस वर्षांच्या वर थापी हातात आहे, आता वय झालं तरी गिलाव्याची, फरशीची लहानसहान कामं घेतात. त्यांच्याकडे नोकियाचा ११०० होता, २००५ साली एका बंगल्याच्या कामाचे पैसे एकदम आले तेव्हा घेतलेला. ज्यांनी तो वापरलाय त्यांना सांगायला नको. जगात सगळ्यात जास्त खपलेला फोन तो, २५ कोटींच्या वर. आणि तो खपला तो आपल्यासारख्या देशांतल्या माणसांचा विचार करून बनवला म्हणून. कीपॅड एकसंध रबरी, मध्ये फट नाही, म्हणजे धूळ आत जात नाही. सिमेंटची पोती फोडणाऱ्या माणसाला याची किंमत विचारा. वर डोक्याला बॅटरी, म्हणजे टॉर्च. 'सी'चं बटन दाबून धरलं की लागते. आण्णा पहाटे टाकीत पाणी किती आहे ते त्याच उजेडात बघायचे. मचाणावरून दोनदा पडला, झाकण एकीकडे आणि बॅटरी दुसरीकडे, उचलून बसवला की चालू.

२०२१ च्या दिवाळीत दादा पुण्याहून आला. तो हिंजवडीत असतो, चांगला कमावतो, आणि आईवडिलांवर त्याचं प्रेम नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. तो आण्णांसाठी २२ हजारांचा फोन घेऊन आला. पाडव्याच्या दिवशी मोबाईल कंपनीच्या गॅलरीत जाऊन सिम बदलून आणलं, बारीक सिम नव्या फोनमध्ये घातलं, जुना फोन फडताळात टाकला. आण्णांचा अंगठा धरून फिंगरप्रिंट घेतला, वर एक पॅटर्नही टाकला, इंग्रजी एल सारखा. सगळं नीट झालं. अंगठा ठेवला की फोन उघडत होता, आण्णाही खूश होते. मी स्वतः पाहिलंय.

पण ते दिवस दिवाळीचे होते. दहा-बारा दिवस काम बंद, रोज तेल-उटणं, हात मऊ पडलेले. दादा गेला, आण्णा कामावर गेले, आणि आठवड्याभरात फोनला अंगठा लागेना. गवंड्याचा हात तुम्ही कधी हातात घेऊन पाहिलाय का? सिमेंट कातडीचं पाणी ओढून घेतं. बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत होतात, आणि थंडीत त्याच बोटांना भेगा पडतात. आण्णांच्या उजव्या अंगठ्याला आडवी भेग आहे, ती दर हिवाळ्यात उघडते, त्यात ते मेण भरतात. ही स्क्रीन जी चालते ती बोटाच्या कातडीतून जाणाऱ्या बारीकशा विजेच्या जाणिवेवर चालते. कातडी सुकी, जाड झाली की स्क्रीनला बोट टेकलंय हेच कळत नाही. फोन वाजायचा, आण्णा हिरवं गोल वर सरकवायचे, ते निम्म्यात सुटून खाली यायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत रिंग संपलेली. मग दादाचा फोन मला, "आण्णा फोन उचलत का नाहीत?"

आण्णा एकदा मला म्हणाले, "रेशनचं मशीन माझं बोट ओळखत नाही, आता घरचा फोनबी ओळखंना."

मी तेव्हाच जुना फोन काढून द्यायला हवा होता. दिला नाही, कारण दादाने हौसेने आणलेली वस्तू, त्याला वाईट वाटेल. ही माझी चूक.

जानेवारीत एकादशी होती. आईला साखरेचा त्रास, गोळ्या चालू. तिने उपास धरला, दिवसभर थोडंसं वरीचं खाल्लं आणि रात्रीची गोळी मात्र नेमाने घेतली. पहाटे अडीचच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. आण्णांना हे माहीत होतं, साखर एकदम उतरली की असं होतं, आधी एकदा झालं होतं. त्यांनी पहिली साखर तिच्या तोंडात घातली. मग मला फोन लावायला घेतला.

अंगठा लागला नाही. पॅटर्न काढायला गेले तर भेगाळलेलं बोट मध्येच सुटायचं, रेघ तुटायची, फोन चुकीचा पॅटर्न म्हणायचा. पाच वेळा चुकलं की तो ३० सेकंद थांबवतो. थांबा असं लिहिलेलं आलं ते इंग्रजीत. खाली कोपऱ्यात तातडीच्या कॉलचं बटन असतं, ते आण्णांना कुणी दाखवलंच नव्हतं, ना दादाने, ना मी. अंधारात, हातात आईचं डोकं धरून, तो माणूस फोनच्या काचेवर बोट घासत होता. शेवटी फोन टाकून बनियनवरच बाहेर पळाले, शेजारचं दार बडवलं. शेजारच्या पोराने मला फोन केला. मी दहा मिनिटांच्या अंतरावर राहते, गाडी काढून गेले. तोवर साखरेने आई थोडी सावरली होती. सकाळी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी गोळीचा डोस बदलला. आई बरी आहे.

पण त्या रात्री फडताळातला तो 'डबडा' उशाशी असता, तर आण्णांनी डोळे मिटूनसुद्धा दोनचं बटन दाबून धरलं असतं. दोनवर मी होते, तीनवर दादा. पाचाच्या बटनावर बारीक टिंब असतं, बोटाला लागतं. त्याच्या आधाराने आण्णा अंधारात अख्खा नंबर फिरवतात. हे मी लहानपणापासून बघत आलेय.

दुसऱ्या दिवशी मी फडताळ उघडलं. सिम बारीक झालेलं, जुन्या खाचेत बसेना. मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर गेले, त्या मुलाने सिमला प्लॅस्टिकची चौकट लावून दिली, पैसे घेतले नाहीत. जाड पिनेचा चार्जर आईने धान्याच्या डब्यामागे जपून ठेवलेला निघाला. वरचं बटन दाबलं, ते दोन हात एकमेकांत मिळाले, धून वाजली. अडीच महिने पडून होता, तरी बॅटरीच्या दोन काड्या शिल्लक. आण्णांनी पहिला फोन दादाला लावला, "मी बोलतोय, आवाज येतोय का?" एवढंच.

आणि दादा मला काय म्हणाला? "आण्णा शिकतच नाहीत. तू त्यांना लाडावून ठेवलंयस. सगळं जग वापरतंय." हे वाक्य मला आजही लागतं. ज्या माणसाने ओळंबा लावून बार्शीतल्या शंभरेक घरांच्या भिंती सरळ उभ्या केल्या, त्याला शिकता येत नाही? बोट चालेना, हा न शिकण्याचा दोष नाही. वस्तू ज्याच्या हातात जायची त्याचा हात न बघता घेतली, हा दोष आहे. आणि तो आण्णांचा नाही.

तुमचे वडील शेतकरी आहेत. खुरपं, फावडं धरलेला हात गवंड्याच्या हातापेक्षा फार वेगळा नसतो. म्हणून सांगते, २० हजारांत कुठलं मॉडेल, कॅमेरा किती मेगापिक्सेल, हे नंतर बघा. त्यांनी दिवसातून काय करायचंय? फोन लावायचा, फोन घ्यायचा, बस. तेवढ्यासाठी स्मार्टफोनला पाच हजार एमएएचची बॅटरी लागते आणि ती दीड दिवसात उतरते. ११०० ची बॅटरी ८५० ची होती, चार-पाच दिवस सहज जायची, कारण छोट्या काळ्या-पांढऱ्या स्क्रीनशिवाय तिला पोसायला काही नव्हतंच. गावात लाईट कधी जाते-येते हे तुम्हाला माहीत आहे.

लोक मला केंद्रावर सांगतात, सरकारी कामाला स्मार्टफोन लागतो म्हणून घेतला. अहो, ओटीपी हा साधा मेसेज असतो, तो साध्या फोनवरही येतो. आधारला नंबर जोडलेला असला पाहिजे, फोन कुठला हे कुणी विचारत नाही. माझ्याकडे रोज येणाऱ्यांत निम्म्यांचं काम बटनांच्या फोनवर होतं. उलट स्मार्टफोनवाल्या आजोबांचा मेसेज शोधताना जाहिरातींच्या ढिगात माझीच पाच मिनिटं जातात. ई-पीक पाहणीला, म्हणजे पिकाची सरकारी नोंद करायला, मात्र ॲप लागतं, पण एका मोबाईलवरून बऱ्याच खातेदारांची नोंद होते, घरातल्या किंवा शेजारच्या कुणा पोराने केली तरी चालते. पैसे पाठवायलाही २०२२ पासून साध्या फोनसाठी यूपीआयची सोय आहे, १२३पे म्हणून. खरं सांगायचं तर माझ्या ओळखीत ती वापरणारं कुणी नाही, पण आहे.

आता दुसरी बाजू, नाहीतर दादा म्हणेल मी एकतर्फी लिहिलं. तो २२ हजारांचा फोन वाया गेला नाही. तो आईने घेतला. पंधरा दिवसांत शिकली. रोज रात्री नातीला व्हिडिओवर बघते, सकाळी हरिपाठ लावते, भिशीच्या बायकांचा ग्रुप तिने स्वतः केलाय. तिची बोटं चालतात, तिला हौसही आहे. तुमच्या आई असतील तर आधी त्यांना विचारा, त्यांचा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आणि साधा फोन घ्यायचाच ठरला तर डोळे झाकून घेऊ नका. सिम जिओचं असेल तर जुना टू-जीचा फोन चालणारच नाही, त्यांचं टू-जीचं जाळंच नाही, फोर-जीचा कीपॅड फोन लागेल. गेल्या वर्षी आण्णांच्या ११०० चा डिस्प्ले गेला, दुसरा कुठे मिळेना, तेव्हा आम्ही फोर-जीचाच कीपॅडवाला घेतला. जुन्याची सर त्याला नाही. बटनं कडक आहेत, आण्णांची तक्रार असते. दुकानात बटनं दाबून बघा, वडिलांनाच दाबायला लावा. आकडे मोठे दिसतात का, रिंग शेतात ऐकू येईल का, बॅटरी काढता येते का, हे बघा. दोन आणि तीनवर घरचे नंबर टाका. पाच आणि नऊ मोकळे ठेवा, कारण २०१६ च्या नियमाने कीपॅडच्या फोनवर संकटाचं बटन त्यांपैकीच एकावर असतं, दाबून धरलं की तातडीचा कॉल जातो. घेतल्यावर एकदा विचारून घ्या, कुठल्या बटनावर आहे ते. रिचार्जला दुकानदार डेटावालाच पॅक मारतो. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक ठेवायला लावलेत, ते नाव घेऊन मागा.

तरीही स्मार्टफोनच द्यायचा असेल, वडिलांनाही हवा असेल, तर जरूर द्या. पण जुना फोन आणि त्याचं सिम काढून घेऊ नका, नव्यासाठी दुसरं सिम घ्या. फिंगरप्रिंट पेरणीच्या किंवा खुरपणीच्या दिवसांत घेऊन बघा, सणात नको. आणि एक रात्र तिथं राहा. दिवे घालवा, फोन त्यांच्या उशाशी ठेवा आणि म्हणा, मला फोन लावा. मी एवढं करून बघितलं असतं तर मला हे नोव्हेंबरातच कळलं असतं.

दादा, हे तू वाचशील, मला माहीत आहे. आण्णांचा नंबर तोच आहे. संध्याकाळी सातनंतर लाव. दुसऱ्या रिंगला उचलतात.