११ वर्षांच्या मुलीचं वजन किती असायला हवं?

नुसतं वय सांगून वजन विचारू नका, आधी उंची मोजा. जागतिक आरोग्य संघटनेचा वयानुसार वजनाचा तक्ताही १० वर्षांवर थांबतो. त्यापुढे कुणी लवकर उंच होतं, कुणी उशिरा, आणि उंच मुलगी उगाच जाड ठरते.

माझ्या मुलीचं हेच झालं. सहावीत शाळेत तपासणी झाली, ४१ किलो. आकडा सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचला आणि कार्डावर शेरा, ‘वजन जास्त’. उंचीचा रकाना कोरा! रविवारी चिंचवडहून नणंद आल्या आणि कार्ड बघून सुरू झाल्या, "मुलीची जात आहे, आत्ताच आवर घाल. तूप-भात बंद कर." पोर शेजारीच बसली होती. मग डबा अर्धा परत यायला लागला.

मी घरी मोजलं. अनवाणी, केस मोकळे, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर काटकोनात पुस्तक. १५२ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागून येणारा आकडा) १७.७. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५च्या तक्त्यात (५ ते १८ वर्षं, मुलींचा वेगळा) हे निरोगी आहे. तो तक्ता करणाऱ्यांत आपल्या पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आहेत, त्यामुळे ‘ही परदेशी मापं’ हे नणंदेचं म्हणणं तिथेच संपलं. उलट तो जास्त कडक आहे. जास्त वजन आणि लठ्ठपणा ठरवायला मोठेपणीच्या २५ आणि ३० ऐवजी २३ आणि २७ बीएमआयला जुळणाऱ्या रेषा त्यात आहेत. मोठ्यांचा बीएमआय मात्र मुलांना थेट लावायचा नाही.

पाळी येण्याच्या आधीच्या एक-दोन वर्षांत मुली सगळ्यात वेगाने वाढतात. तेव्हा त्यांचं ताट कमी करणं मला सरळ चूक वाटतं. साखरेची पेयं आणि पाकिटातलं खाणं थांबवा, खेळायला सोडा, पण वरण-भातावर तूप वाढा. आणि आत्या असो वा आजी, पोरीच्या अंगाबद्दल तिच्यासमोर बोलणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करा. मी केलं. नणंद दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत, चालेल.

अर्थात एका मोजमापावर निश्चिंतही होऊ नका. दर सहा महिन्यांनी मोजून तक्त्यावर टिंब द्या. बीएमआय रेषा ओलांडून वर चढत असेल, मानेमागची कातडी काळी-जाड होत असेल किंवा उंची वर्षात ४ सेंटीमीटरही वाढली नसेल (पाळी येऊन गेलेल्या मुलींचं वेगळं), तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.