गणित नको म्हणून बायो घेतलं, आता एमएस्सीपर्यंत कसं जायचं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळी प्रश्नांचा ढीग आलाय, बरेचसे नीटच्या निकालानंतरचे. सारखे होते ते एकत्र केलेत. मी वीसेक वर्षं मायक्रोबायोलॉजी शिकवतेय, त्यामुळे माझा कल तिकडे झुकणार हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : नीटला मार्क कमी आले, रिपीट करायचं नाही. घरचे म्हणतात बीएस्सी बायोटेक घे, त्याला स्कोप आहे. पण आमच्या कॉलेजात त्याची फी साध्या बीएस्सीच्या कितीतरी पट आहे. साधी बॉटनी-झूलॉजी घेतली तर मागे पडेन का?

फी जास्त असते कारण बायोटेकचा कोर्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतो, शिकवणं भारी असतं म्हणून नाही. आणि बायोटेक म्हणजे खरंतर भेळ आहे, थोडं बायोकेम, थोडं मायक्रो, थोडं जेनेटिक्स, थोडी इम्युनॉलॉजी. भेळ वाईट नसते पण ती कोण बनवतंय त्यावर सगळं अवलंबून. माहितीपत्रकातले फोटो बघू नका, थेट कॉलेजात जा आणि टीवायच्या दोन-तीन मुलांना कॅन्टीनमध्ये गाठून विचारा की मायक्रोपिपेट स्वतः हातात धरलं का, डीएनए बघायचं जेल स्वतः ओतून रन केलं का, की सरांनी एकदा डेमो दाखवला आणि तुम्ही जर्नलमध्ये आकृती काढली. उत्तर देताना मुलं हसायला लागली तर समजून जा.

दुसरं असं की एमएस्सी बायोटेकला बॉटनी, झूलॉजी, मायक्रो, केमिस्ट्री अशी सगळीकडची मुलं येतात. उलटं मात्र नेहमी चालत नाही, बीएस्सी बायोटेक करून एमएस्सी बॉटनीला जायचं म्हटलं तर काही डिपार्टमेंट विचारतात की पदवीला बॉटनी होतं का. म्हणजे साध्या बीएस्सीने दारं बंद होत नाहीत. फक्त एक ऐका, केमिस्ट्री सोडू नका. पुढे बायोकेम आलं की ज्यांनी सोडली ते रडतात, मी दरवर्षी बघते.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता एसवायला मायक्रो आहे. लेक्चर समजतं पण पुस्तक उघडलं की झोप येते, सगळे शब्द डोक्यावरून जातात. लातूर जिल्ह्यातून लिहितेय.

अगं, तू जे वाचतेस त्यातलं निम्मं तुला आधीच माहीत आहे. दहावीला तंतुकणिका, हरितलवक, गुणसूत्र, विकर हे सगळं झालंय ना? त्याचंच मायटोकॉन्ड्रिया, क्लोरोप्लास्ट, क्रोमोसोम, एन्झाइम झालं, माणूस तोच, शर्ट बदलला. एक वही कर, डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी, दिवसाला दहा शब्द.

आणि शब्द पाठ करण्यापेक्षा फोडायला शीक. लायसिस म्हणजे फुटणं किंवा तुटणं, मग हायड्रोलायसिस म्हणजे पाण्याच्या मदतीने तुटणं, ग्लायकोलायसिस म्हणजे साखर तुटणं. शेवटी एज आलं की बहुतेक वेळा एन्झाइम, लायपेज, प्रोटिएज, सेल्युलेज. शेदोनशे तुकडे ओळखीचे झाले की हजारो शब्द आपोआप उलगडतात. बोलताना अडखळलीस तरी चालतं, व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक अर्ध्या वेळा स्वतःच मराठीत विचारतात. पण वाचन इंग्रजीत करावंच लागेल, त्याला पर्याय नाही, रिसर्च पेपर तिकडेच असतात.

प्रश्न : टीवायला आहे. एमएस्सीसाठी जॅम, गॅट-बी, सीयूईटी-पीजी, विद्यापीठाची वेगळी परीक्षा, कोणती देऊ? क्लास लावू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय म्हणून जरा सविस्तर.

जॅम ही आयआयटींची परीक्षा, फेब्रुवारीत होते. आपल्यासाठी बायोटेक्नॉलॉजीचा पेपर असतो, तीन तास, 60 प्रश्न, 100 मार्क. त्यात नुसतं बायो नाही, फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित पण असतं आणि आपली मुलं तिथेच आपटतात. गॅट-बी ही केंद्राच्या डीबीटीच्या, म्हणजे जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या एमएस्सी बायोटेक कोर्सेससाठी, या जागांना स्टायपेंड मिळतो म्हणून मला ही परीक्षा फार आवडते आणि आपल्याकडे तिची चर्चाच कमी. तिच्या पहिल्या भागात 60 प्रश्न बारावीच्या पातळीचे, सगळे सोडवायचे. दुसऱ्यात 100 पैकी कुठलेही 60, प्रत्येकी 3 मार्क, चुकलं की 1 कापतात. म्हणजे बारावीची पुस्तकं रद्दीत घातली असतील तर परत आणा. सीयूईटी-पीजी मुख्यतः केंद्रीय विद्यापीठांसाठी. आणि पुण्या-कोल्हापूरकडच्या डिपार्टमेंटना जायचं तर त्यांच्या स्वतःच्या प्रवेशाच्या नोटिसा वेगळ्या निघतात, त्या बघत राहा, तारखा दरवर्षी हलतात.

ज्यांना थेट रिसर्चच करायचाय त्यांनी टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) जीएस परीक्षा बघावी, त्यातून मुंबईच्या टीआयएफआरला आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या तिच्याच जीवशास्त्राच्या संस्थेला जाता येतं. तिथे पाठांतर कमी चालतं, ग्राफ देतात, प्रयोग देतात आणि विचारतात यावरून काय म्हणता येईल. मागच्या वर्षांचे पेपर नुसते सोडवून बघा, परीक्षा द्या न द्या, डोकं साफ होतं.

क्लास? घरी बसून अभ्यास होतच नसेल तर लावा, नाहीतर जुने पेपर आणि दोन धड मित्र पुरतात. चार परीक्षांचे चार फॉर्म भरून एकाचाही अभ्यास न करणारी मुलं खूप पाहिलीत. दोन निवडा.

प्रश्न : गणिताला घाबरून बायो घेतलं. आता सगळे म्हणतात बायोलाही गणित लागतं. किती?

रोज लागतं, पण सातवी-आठवीचं. 250 मिली 0.5 मोलर मिठाचं द्रावण करायचंय, सोडियम क्लोराईडचं मोलर वजन 58.44, तर किती ग्रॅम घ्यायचं? 7.3 ग्रॅम. दह्याचा नमुना दहाच्या उणे सहाव्या घातापर्यंत डायल्यूट केला, 0.1 मिली प्लेटवर पसरला, 85 कॉलनी आल्या, मूळ नमुन्यात एका मिलीत किती? 85 कोटी. हे दोन हिशोब कागदावर न अडखळता आले तर लॅबमध्ये तुमची भीती अर्धी गेली. एमएस्सीला त्यावर स्टॅटिस्टिक्स चढतं, सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन, टी-टेस्ट. ते जमतं, रडतरडत का होईना.

प्रश्न : एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाइड म्हणतात लॅबमध्ये केमिकल्स नाहीत, रिव्ह्यूच लिहा, म्हणजे प्रयोग न करता दुसऱ्यांच्या संशोधनाचा आढावा. नेटची पण तयारी करायचीय. डिसर्टेशन उरकून टाकू का?

उरकू नका हो. पीएचडीच्या किंवा कंपनीच्या इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच येतो, तुम्ही स्वतः काय केलंत. आणि तिथे रिव्ह्यू सांगताना आवाज आपोआप खाली जातो.

महागड्या किट्स नसल्या तरी काम होतं. माझ्या एका विद्यार्थिनीने घरच्या उसाच्या शेतातली माती आणली, अ‍ॅशबीज मॅनिटॉल आगर केला, या माध्यमात नायट्रोजन घालतच नाहीत त्यामुळे जे हवेतला नायट्रोजन वापरू शकतात असेच जंतू धड वाढतात, आणि त्यातून अझोटोबॅक्टर वेगळे काढले. खत टाकलेल्या आणि न टाकलेल्या वाफ्यातली माती, दर पंधरा दिवसांनी, चार महिने. लागलं काय, ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, प्लेट्स आणि चिकाटी. इंटरव्ह्यूत ती अर्धा तास त्या मातीवर बोलली कारण कुठली प्लेट का बिघडली हेसुद्धा तिला माहीत होतं. गाइडना असा छोटा प्रश्न लेखी घेऊन भेटा, यादी आणि खर्चासकट, बहुतेक जण हो म्हणतात. नाहीच म्हटले तर जवळच्या दुसऱ्या संस्थेत काही महिने काम करायची परवानगी मागा.

नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा, तिचं म्हणाल तर लाइफ सायन्सेसचा सिलॅबस 13 युनिटचा आहे आणि सगळी युनिट कुणीच करत नाही. गणित बघा, 200 पैकी 100 मार्क पार्ट सीचे, त्यात 75 पैकी 25 प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी 4 मार्क, चुकला की 1 गेला. म्हणजे पाच-सहा युनिट खोलवर करा, बाकी वरवर. पार्ट ए मधले 15 प्रश्न निव्वळ तर्क आणि आकडेमोडीचे, 30 मार्क, त्याच्याकडे बायोवाले ढुंकून बघत नाहीत. जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 आणि वर घरभाडं. फक्त शिकवायचं असेल तर सेट ही राज्याची परीक्षा पण द्या, महाराष्ट्र आणि गोव्यात चालते.

प्रश्न : मुलगी एमएस्सी झूलॉजी करतेय, आता पीएचडी म्हणते. आम्ही शेतकरी माणसं. लग्नाचं वय निघून जाईल आणि नोकरीही नाही, असं नको व्हायला. खरं सांगा.

काका, खरं सांगते. प्राध्यापकाची कायम नोकरी आज अवघड आहे, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. पण तेवढाच एक रस्ता नाही. फार्मा कंपन्यांत क्वालिटी कंट्रोल, लसींचे कारखाने, हॉस्पिटलच्या आणि निदानाच्या लॅब, अन्नतपासणी, क्लिनिकल ट्रायलचं काम, यात बायोची मुलं लागतात, सुरुवातीचा पगार मात्र इंजिनिअरपेक्षा कमीच धरा. पीएचडी करायची तर फेलोशिप मिळाली तरच करू दे, घरचे पैसे घालून नको, ही अट तुम्ही जरूर घाला. फेलोशिप असेल तर ती तुमच्यावर ओझं नाही, कमावतीच आहे.

लग्नाचं मी काय बोलणार. एवढंच, 1933 साली कमला भागवत नावाची मुंबईची मुलगी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनाला गेली तेव्हा मुलगी म्हणून नोबेलवाल्या रामन यांनी तिला आधी नाही म्हटलं होतं. ती हटली नाही. नंतर केंब्रिजला 1939 मध्ये पीएचडी झाली, बटाट्यावर काम करून, आणि पुढे लग्न करून कमला सोहोनी झाली आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेची प्रमुखही.

प्रश्न : एसवायला आहे. चार वर्षांची ऑनर्स डिग्री करू की तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांची एमएस्सी?

वर्षं सारखीच, तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक. चौथ्या वर्षी तुमच्या कॉलेजात खरंच रिसर्च प्रोजेक्ट करायला लॅब आणि गाइड असतील तर थांबा, चार वर्षांत 75 टक्के असतील तर यूजीसीच्या 2022 च्या नियमाने थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. लॅब नसेल तर तीन वर्षांनी चांगल्या डिपार्टमेंटला पळा. हे ठरवायला तुम्हाला अजून दीड वर्ष आहे, आत्ता एसवायचं जर्नल पूर्ण करा, सर्टिफाय झालं नाही तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत.