कॅच ‘बसला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आलाय: ‘विधानभवनातल्या सत्काराचा व्हिडिओ परवा घरी पुन्हा लागला. त्यात सूर्यकुमार यादव म्हणतो, “कॅच बसला हातात.” आमचे सासरे निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं, हे मराठी नव्हे. झेल घेतात, टिपतात, तो बसत नाही. आणि बंगळुरूत वाढलेल्या भाच्याला रोहित शर्माच्या पुढच्या वाक्यावर सगळे का हसले तेच कळेना. दोघांना काय सांगू?’

सासऱ्यांशी मी सहमत नाही. पण त्यांना खटकलं ते का खटकलं, हे बघण्यासारखं आहे.

आधी प्रसंग. २९ जून २०२४, ब्रिजटाऊन, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. हार्दिक पंड्याचा पहिलाच चेंडू फुलटॉस पडला आणि डेव्हिड मिलरने तो लाँग-ऑफकडे उचलला. सूर्यकुमारने धावत येऊन तो दोरीच्या आत पकडला, तोल जातोय म्हटल्यावर वर उडवला, स्वतः दोरीपलीकडे गेला, परत आत आला आणि पुन्हा पकडला. सामना ७ धावांनी आपला. ५ जुलैला विधानभवनात रोहित, सूर्यकुमार, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल यांचा सत्कार झाला. तिथे मराठीत बोलायची वेळ आली तेव्हा या सगळ्या कसरतीचं वर्णन सूर्याने तीन शब्दांत उरकलं.

त्या तीन शब्दांत ‘मी’ कुठेच नाही. ‘मी कॅच घेतला’ म्हटलं की कर्तबगारी माझी. ‘कॅच बसला’ म्हटलं की जे काही केलं ते कॅचने. हात ही नुसती जागा. खिडकीत चिमणी येऊन बसावी तसा चेंडू येऊन बसला. मराठीत ही सोय जुनी आहे. ‘मी नाटक पाडलं’ असं कोण म्हणतं? नाटक आपलं आपण पडतं. फरक एवढाच की आपण ही सोय बहुतेक वेळा अपयश झाकायला वापरतो, आणि इथे एका माणसाने ती यश झाकायला वापरली. लोकांना ते आवडलं त्यात याचा वाटा असावा.

आता ‘बसत नाही’ या आक्षेपाकडे. झाकण बसतं, किल्ली कुलपात बसते, अंगठी बोटात बसत नाही म्हणून बदलून आणतात. जागेत वस्तू नेमकी मावली, हलेना झाली, की ती बसली. सूर्याच्या बाबतीत हा शब्द तंतोतंत लागू पडतो: पहिल्या वेळी चेंडू हातात आला होता, पण बसला नव्हता, उडवावा लागला. दुसऱ्या वेळी बसला. गल्लीत टेनिसच्या बॉलवर खेळताना आम्हीही ‘बसला रे’ असंच ओरडायचो. हिंदीच्या संगतीने मुंबईत हा प्रयोग जास्त रुळला असेल, माझी ना नाही. पण पाट आधीपासून मांडलेला होता.

तरी सासऱ्यांना खटकलं. माझा अंदाज असा की त्यांच्या कानाला ‘बसला’ या क्रियापदाची सवय आहे ती वर्तमानपत्रातली. तिथे काय बसतं? धक्का, फटका, दणका, झळ, चाप, खीळ. २०२४च्या लोकसभा निकालानंतर महायुतीला कांद्याचा फटका ‘बसल्याचं’ आपण किती वाचलं! या सगळ्या बसण्यांना ‘ला’ लागतो: पक्षाला फटका बसला, प्रवाशांना भुर्दंड बसला, मला धपाटा बसला. ‘ला’वाला बसला म्हणजे काहीतरी अंगावर आलं. ‘चा’ लावून बघा, चित्र पालटतं: तिचा जम बसला, त्याचा हात बसला, माझा विश्वास बसला. आणि ‘त’ लावला की मापात मावणं: खाचेत बसलं, डोक्यात बसलं, हातात बसला. क्रियापद तेच, मागचा प्रत्यय बदलला की दैव बदलतं.

हा नियम म्हणून वहीत उतरवून घेऊ नका, लगेच मोडतो. ‘माझा घसा बसला’ यात ‘चा’ आहे आणि आनंद काहीच नाही. धंद्याचं तर विचारूच नका: ‘धंद्यात जम बसला’ म्हणजे पेढे, आणि ‘धंदा बसला’ म्हणजे दुकानाला कुलूप.

आता रोहित, त्या संघाचा कर्णधार. सूर्याचं वाक्य धरून तो जे बोलला त्याचा आशय असा: बरं झालं बसला, नाहीतर पुढे मी याला बसवला असता. भाचा अडला तो इथे. ‘बसवणे’ हे नुसतं ‘बसणे’चं प्रयोजक रूप समजलं तर वाक्याला अर्थच उरत नाही, कारण पाहुण्याला खुर्चीवर बसवतात त्यात हसण्यासारखं काही नाही. गणपती बसवतात, नाटक बसवतात, कवळी बसवतात. या सगळ्यांत काहीतरी जागेवर आणणं आहे. खेळाडूला बसवतात तेव्हा मात्र त्याला जागेवरून काढतात. संघ मैदानात आणि हा बाहेर बाकावर. हाच शब्द निवडणुकीत ‘मतदारांनी घरी बसवलं’ असा येतो, आणि सभागृहात आमदार-मंत्री बसलेले असताना हशा पिकला त्याचं अर्धं कारण मला हेच वाटतं. बसवलं जाण्याची भीती त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त कळणार!

दोघांच्या मराठीबद्दल नाकं मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सूर्याचं कुटुंब मूळचं उत्तर प्रदेशातलं, तो वाढला मुंबईत. रोहित बोरिवलीत वाढला. सूर्याने टाकलेला शब्द जसाच्या तसा उचलून त्याला एक ‘व’ जोडायचा आणि अर्थ उलटा करायचा, तेही माईकसमोर, क्षणात, हे पाठांतराच्या मराठीने होत नाही. कोटी जमते ती भाषा वापरातली.

भाच्याला याच क्रियापदाचं अजून एक रूप दाखवा. समजा तो कॅच सुटला असता. त्या रात्री देशभर काय म्हटलं असतं? ‘सुटला’ नाही. ‘अरे, सोडून बसला!’ इथे कुणीही कुठेही बसत नाही. करून बसला, बोलून बसला, सोडून बसला: करायला नको ते केलं आणि आता निस्तरता येत नाही, एवढं सगळं त्या ‘बसला’त येतं. म्हणजे बघा, कॅच ‘बसला’ आणि कॅच ‘सोडून बसला’ यांत विश्वचषकाचं अंतर.

आमच्याकडे त्या रात्री खऱ्या बसण्यावरूनही तंटा झाला. शेवटचं षटक सुरू झालं तेव्हा मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात दुधाचं पातेलं. ती आत येऊन बसायला लागली तर मामा ओरडला, “आहेस तिथेच उभी राहा, विकेट पडेपर्यंत बसायचं नाही!” पहिल्याच चेंडूवर मिलर गेला, पण मामाने तरीही तिला सामना संपेपर्यंत बसू दिलं नाही. मामीचं वाक्य आम्हाला अजून पाठ आहे: “कॅच बसला, सगळे बसले, मीच एकटी राहिले.”

सासऱ्यांशी वाद घालू नका. चहा देताना सहज विचारा, नवा चष्मा कसा आहे, आणि ते कुठलं क्रियापद वापरतात ते मला कळवा.